विमान येईपर्यंत पेटवू नका

१७ जानेवारी २०१८, मुकुटबन

विमान आजही नाही आलं. नागपूरले धुकं म्हणे. इथं डोकं तापवणारं ऊन. चार दिवसांपासून भगवानरावकाकाच्या वावरात हवा मोजायची पेटी लावून बसली आहे, आणि येणारा-जाणारा विचारतो, "दीपमाला, पाऊस पाडून राह्यली का वं?"

किती जणांले सांगू? कोळसा किती जळला, डिझेल किती, ढोरं किती, हे धरून सरकार देशाचा धूर कागदावर काढते. आम्ही उलटं करतो. विमानातून वरची हवा मोजायची आणि खालून किती निघालं ते शोधायचं. कापसाच्या मुलखात राजूर ते मुकुटबन एवढ्याच पट्ट्यावरून विमान उडायचं. इथं जे निघेल तेच बाकी कापूसवाल्या जिल्ह्यांले लावणार, मग ते देशाच्या आकड्यात. दोन वर्षांचं काम या एका उड्डाणावर! आईले एवढं सगळं समजावलं. ती म्हणाली, "जेवून घे."

१८ जानेवारी

बोंडअळीनं पीक खाल्लं, आता गावोगाव पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून जाळणं सुरू आहे. जाळा ना बापा, तेच तर मोजायचं आहे. पण काकानं ढीग लावला तो माझ्या पेटीपासून वीस पावलांवर! सगळं वावर मोकळं असताना तिथंच कायले? हात जोडले. "काका, तुमचा ढीग तेवढा विमान येईपर्यंत पेटवू नका."

"बरं," म्हणाले, आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत राह्यले. शाळेच्या नळासाठी आम्ही पोरी त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हाही असंच "बरं" म्हणाले होते, नळ काही आला नाही. या गावानं माझं कधी ऐकलं आहे?

१९ जानेवारी

नाही आलं.

२० जानेवारी

आलं एकदाचं. साडेअकराले, दोन फेऱ्या. आभाळ एकदम साफ. मले वाटलं होतं धूर दिसेल. वाऱ्यानं नेला असेल.

संध्याकाळी आमचं हे काम बघणाऱ्या सरांचा फोन. "दीपमाला, शेतातला धूर कागदावरच्या आकड्याच्या निम्माही नाही! मंगळवारी दिल्लीला अहवाल पाठवतोय. तुझं नाव घातलंय." आईले सांगितलं तर तिनं शेजारी साखर वाटली.

२१ जानेवारी

सकाळी चारही बाजूंनी धूर. डोळे उघडवत नाहीत. काकाचाही ढीग पेटलेला.

"काका, आजच काहून एवढे ढीग पेटले?"

"तूच म्हनलं ना, विमान येईपर्यंत पेटवू नका. मी एकटा थांबून काय होते? कोतवालाले सांगून दवंडी देली. बाजारात आलेल्या लोकायले सांगतलं. बारा गावं थांबली तुह्यासाठी. झालं ना पोरी काम चांगलं?"

"हो काका," म्हटलं. दुसरं काय म्हणणार होती?

मग पऱ्हाटीजवळ बसून रडली. धुरात कोणाले कळलं नाही.

२२ जानेवारी

सरांले फोन केला. आकडा पाठवू नका म्हटलं, तो खोटा आहे. "विमान पुन्हा मिळणार नाही," ते म्हणाले. "झालं काय?"

सांगितलं. गावानं माझं ऐकलं.