डाकबंगल्याच्या कुंपणाची फांदी

माय, गावच्या माळावरची घाणेरी तू आणली नव्हतीस. झालं, सांगून टाकलं. आता सावकाश लिहिते.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, मी तिसरीत होते. मेडशीच्या मामाकडून परतताना तू डाकबंगल्याच्या कुंपणाची एक फांदी मोडून ओल्या फडक्यात गुंडाळलीस. फुलांच्या एकाच गेंदात लाल, पिवळं, गुलाबी. "सायबाच्या दारचं फूल हाय पोरी, आपल्याबी दारी येऊ दे." न्हाणीच्या पाण्यावर झुडूप असं माजलं की शेजारणी फांद्या मागून नेऊ लागल्या, आणि तू काय मिरवायचीस!

मग दोन-तीन पावसाळ्यांत माळावर घाणेरीच घाणेरी दिसू लागली. गवत दबलं. आपली तांबडी गाय पाला खाऊन आजारी पडली, उन्हात उभी राहीना, नाकाचं कातडं सोलून निघालं. बाबा एवढंच म्हणाले, "हे कुठून आलं बाप्पा?" लागलं ते तुला. तू कुदळ घेतलीस, दारचं झुडूप मुळासकट काढून जाळलंस. माझ्या केसांतला गेंदही ओढून फेकलास. "गाय मरून राह्यली अन् हे डोक्यात घालून राह्यली!" गेंदाबरोबर माझे चार केसही गेले. गाय वाचली, पण तू काही सुटली नाहीस. शेतातून येताना रोज वाकडी वाट करून माळावर जायचीस, झुडपं उपटायचीस, हात ओरबाडून घ्यायचीस. लोकांना सांगायचीस, सरपण. मी एकदा विचारलं, "काहून जातं वं रोज?" तर म्हणालीस, "मीच आणली ना." शेवटच्या दुखण्यातही तुला माळाचीच काळजी.

परवा गावी आत्याकडे गेले होते. बाबांच्या या धाकट्या बहिणीला आता दात नाहीत, जीभ मात्र शाबूत. मी तुझी फांदी सांगितली तर ती हसतच सुटली. "अवं, तुई माय लगन होऊन आली तवाच माळ अर्धा भरेल होता! तिची बैलाची दमणी दिसते का पाहाले आमी पोट्ट्या टेकडीवर चढलो, अन् घाणेरीचे काळे फळं खात बसलो. नवरी दारात, अन् साऱ्याईच्या जिभा काळ्या. तुया आजीनं मले तिच्यासमोरच बदडलं."

"मंग तिले सांगितलं काहून नाही?" मी ओरडलेच.

"तिनं कवा इचारलं? आमाले वाटे, वयनीले सरपनाचा नाद हाय."

बघ! पदराआडून तू तो मार पाहिलाही असशील. पण कशासाठी, ते नव्या नवरीला कोण सांगणार? मला आधी आत्याचा राग आला, मग रडू आलं, मग इतकं मोकळं वाटलं की मी तिच्याकडे दुसऱ्यांदा चहा मागितला. तू उगाच झिजलीस गं. तुझा काही दोष नव्हता.

हा कागद कोणत्या पेटीत टाकायचा? राहू दे इथेच, उशीखाली. फक्त एक कबूल करते. एसटीला वेळ होता म्हणून माळावरून चक्कर मारली, आणि या पांढऱ्या केसांत घाणेरीचा एक गेंद खोचला. इथे कारंजाला घरी पोचेपर्यंत तसाच होता. सारखं वाटत होतं, आता तू ओढशील.