नऊची गाडी नऊलाच

अहो,

गाडी विकली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ते कळेपर्यंत तुम्ही पुढचं काही ऐकायचे नाहीत. बदनापूरहून बघायला आलेला माणूस अड्ड्यावरचा चहा पिऊन रिकाम्या हातानं परत गेला. आपला विकास आत्ता अंगणात नळी लावून गाडी धुतोय आणि मी ओट्यावर बसून तुम्हाला लिहितेय. तुम्ही होतात तेव्हा पत्र लिहायची वेळच आली नाही. दिवसभर जालना-अंबड करायचात, पण संध्याकाळी घरी यायचात ना!

आता पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नका.

तुम्ही गेलात आणि स्टेशनसमोरचा आपला काळी-पिवळीचा अड्डा ओस पडत गेला. मोबाइलवरून गाडी बोलवायचं ते ॲप, ज्याच्या नावानं तुम्ही दवाखान्यातल्या खाटेवरूनही बोटं मोडत होतात, त्यानं गावात चांगलं बस्तान बसवलं. सुरुवातीला प्रवाशाला भाडं कमी आणि ड्रायव्हरला वरून बक्षीस. एवढं गोड बोलणारा मुलगी बघायला आला असता तर मी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं! पण पोरं भुलली. पुढं बक्षीस बंद झालं, कंपनीचा हिस्सा वाढला. स्टेशनात रेल्वे शिरली की भाडं आपोआप चढायचं. प्रवाशाला एक आकडा दिसायचा, ड्रायव्हरच्या हातात भलताच पडायचा. का, म्हणून विचारायला फोन लावावा तर पलीकडे नुसतं संगीत वाजायचं.

पण खरं सांगू? रागावणार नाही ना? लोक आपल्याला सोडून गेले ते नुसते स्वस्ताईला भुलून नाही. ‘अंबड, अंबड, निघालीच! निघालीच!’ असा तुमचा तो खणखणीत आवाज. माणूस बिचारा धावत येऊन बसायचा आणि गाडी तासभर हलायची नाही, का तर अजून दोन सीट बाकी. तुम्ही इंजिन सुरू करून ठेवायचात, म्हणजे वाटावं की आता सुटणारच. कोर्टात तारीख असलेली माणसं, लेकरं घेतलेल्या बाया, सगळे आत घामाघूम. केवढी ती लबाडी! घरीही तेच. मी फोन केला की ‘निघालोच.’ आणि इथं भाजी पुन्हा पुन्हा गरम करायची मी.

शेवटी तुमच्या जोडीच्या शब्बीरभाईंसकट अड्ड्यावरच्या सगळ्यांनी ॲप घेतलं. विकासनंच एकेकाच्या फोनवर लावून दिलं. आणि मग आपल्या लोकांनी काय केलं ते ऐकाल तर पोट धरून हसाल. त्यांनी ॲपलाही नंबर लावला!

अड्ड्याचा नेम तुम्हीच घालून दिलेला. आधी येऊन उभा राहील त्याचा पहिला नंबर. प्रवासी कुणाच्याही ओळखीचा असो, बसणार तो पहिल्या गाडीत. कुणी कुणाचं गिऱ्हाईक ओढायचं नाही. तोच नेम यांनी इथंही चालवला. बुकिंग विकासच्या फोनवर यायचं आणि तो म्हणायचा, “चाचा, नंबर तुमचा हाय, तुम्ही जा.” की शब्बीरभाई निघाले. भाडंही त्यांचंच.

एकदा कापडवाल्या चंदाकाकींनी स्टेशनवरून घरी जायला गाडी बोलावली. मोबाइलवर फोटो विकासचा, आणि समोर उभे पांढऱ्या दाढीचे शब्बीरभाई, गाडीही दुसरीच. काकी घाबरल्या.

“तुम्ही कोण? तो मुलगा कुठंय?”

“बैठो अम्मा,” शब्बीरभाई म्हणाले, “तो बी आपलाच पोरगा हाय. पण नंबर माझा हाय ना!”

आता हे कुणाला पटणार होतं? काकींनी तक्रार केली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एकट्या बाईनं अनोळखी गाडीत का बसावं? फोटो कशासाठी असतो? हे आपल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. कंपनीनं मात्र चौकशी ना विचारणा, सगळ्या अड्ड्याचीच खाती बंद करून टाकली. कारण काय दिलं? फसवणूक! आपसात भांडण नको म्हणून पाळी धरून चालणारे फसवे ठरले, आणि दोघांना दोन आकडे दाखवणारी कंपनी साव. मला इतका संताप आला की दिवसभर भांड्यांवर काढला.

त्यानंतर विकास जेवता जेवता म्हणाला, “आई, मी पुण्याला जाऊन राह्यलो. तिथं कारखान्यांच्या बसवर ड्रायव्हर लागतेत. गाडी ठेवून काय करू? विकून टाकू.”

गाडी जाणार आणि पोरगाही जाणार. मग या घरात मी आणि तुमचा फोटो. तुम्ही दुसऱ्यांदा जाताय असं वाटलं मला.

आता एक गोष्ट सांगते, हसू नका. तुमचा फोन मी अजून चार्ज करते. देवाला दिवा लावला की तो चार्जिंगला लावायचा, अशी सवयच पडलीय. बंद करावा असं फार जणांनी सांगितलं, पण मन होत नाही. गाडी विकायचं ठरल्यावर दोनच दिवसांत तो वाजला.

“भाऊ आहेत का? गाडी पाहिजे होती. घरच्या सगळ्यांना घेऊन जांब समर्थला दर्शनाला जायचंय.”

चंदाकाकी! तुम्ही कधीतरी त्यांना नंबर दिलेला, अख्ख्या जिल्ह्याला दिलात तसा.

“काकी, ते गेले,” मी म्हटलं.

त्या हळूच म्हणाल्या, “अरेरे, मला कळलंच न्हाई. मंग तुम्ही पाठवा ना गाडी. पण कोण येणार ते आधी बराबर सांगा हं. मागं मला मोठा धसका बसलाय.”

विकासला विचारलं, तर अड्ड्यावर नंबर पुन्हा शब्बीरभाईंचाच! मी सांगितलं, पांढरी दाढी आहे, अमुक गाडी आहे, भाडं इतकं, वर एक पैसा नाही. काकी ओळखून हसायला लागल्या. देवदर्शन करून आल्या त्या शब्बीरभाईंनी दिलेली मोसंबी खातच. मग त्यांच्या गल्लीतून फोन, त्यांच्या भाचीचा फोन. मी ‘हॅलो’ म्हणायचे आणि कोण येणार ते नावानिशी सांगायचे. झालं एवढंच.

परवा अड्ड्यावरची सगळी मंडळी आपल्या अंगणात येऊन बसली. शब्बीरभाई म्हणाले, “भाभी, फोन तुम्हीच उचला. अड्ड्यावर या. भाईजानची जागा रिकामी हाय.”

मी म्हटलं, “येते. पण गाडी सांगितलेल्या वेळेला सुटली पाहिजे. नऊची गाडी म्हणजे नऊलाच. सीट रिकामी असली तरी.”

केवढा गलका झाला! “वहिनी, रिकाम्या गाडीचं डिझेल कोण देईल?”

“मंग बसवून ठेवा लोकांना तासभर,” मी म्हटलं, “आणि बघा किती दिवस बसतेत ते.”

विकास नुसतं एवढंच म्हणाला की उद्या पहिला नंबर आपल्या गाडीचा आहे, आणि गाडी बघणारा माणूसही अड्ड्यावरच येणार आहे. एवढ्यावर सगळे उठले.

म्हणून काल सकाळी मी अड्ड्यावर उभी राहिले. नऊ वाजले आणि नेमक्या दोन सीट रिकाम्या. सगळे माझ्याकडे बघताहेत, बदनापूरचा माणूस गाडीच्या टायरवर हात फिरवतोय. तेवढ्यात विकासनं तोंड उघडलं, “अंबड, अंबड, निघाली...” अगदी तुमचाच आवाज. मला भडभडून आलं.

“ओरडू नको,” मी म्हटलं. “काढ गाडी.”

“आई, दोन सीट रिकाम्या हायेत.”

“दिसतंय मला. काढ.”

त्यानं एकवार माझ्याकडे बघितलं आणि काढली. मागच्या सीटवर अंबडच्या कोर्टात निघालेले एक आजोबा होते. ते मोठ्यानं म्हणाले, “अरे, खरंच निघाली की!” आणि सगळी गाडी हसत हसत गेली.

बदनापूरचा माणूस मला म्हणाला, “बाई, असा धंदा केला तर आज न्हाई उद्या गाडी विकावीच लागंल तुम्हाला.” मी त्याच्यासाठी चहा सांगितला. दुसरं काय सुचणार? जीव नुसता टांगणीला लागला होता.

विकास परतला तेव्हा गाडी भरलेली होती. कोर्टातल्या आजोबांनी तिथं उतरल्या उतरल्या सगळ्यांना सांगितलं होतं म्हणे, की ही गाडी बोललेल्या वेळेला सुटते. विकास खाली उतरला, सरळ त्या माणसाकडे गेला आणि म्हणाला, “काका, माफ करा. गाडी विकायची न्हाई.”

काल मला लिहायला जमलं नाही. डोळे सारखे भरून येत होते. आजही नऊची गाडी नऊलाच गेली, एक सीट रिकामी. रोज भरून येईल असं काही नाही. कंपनी उद्या पुन्हा भाडं पाडील, बंद केलेली खातीही उघडील, आपली एखाददुसरी गाडी पुन्हा तिकडे जाईल. जाऊ दे. परत आली तर शेवटचा नंबर देईन, तुम्ही द्यायचात तसाच. विकासनं मात्र पुण्याचं नाव काढलेलं नाही.

तुमची फार आठवण येते. त्या इंजिन सुरू ठेवण्याच्या लबाडीचीसुद्धा.

तुम्हाला वचन देते, हा फोन माझ्या हातात आहे तोवर तुमचा नंबराचा नेम मोडणार नाही, आणि ‘निघालीच’ हा शब्द अड्ड्यावर पुन्हा खोटा ठरणार नाही. तिकडे तुम्ही शेजारच्या सीटवर टॉवेल टाकून माझी जागा धरून बसला असाल, मला पक्कं माहीत आहे. बसा. पण कुणी विचारलं तर ‘निघालीच’ म्हणून सांगू नका. मला इथून अजून पुष्कळ गाड्या सोडायच्या आहेत.

तुमचीच,
मंदा