स्केलडेलचा शेवटचा बॅरन

३ ऑक्टोबर १८८७
माझा नवरा सायलस गेला त्या सकाळी मी चुलीतली राख काढली, त्याला पाव-चीज बांधून दिलं, त्याचा सदरा वाळत घातला. दुपारी खाणीतून त्याला फळीवर आणलं. डोकं ठेचलेलं, हातोडा गायब. सदरा वाळायचाच होता.

आज स्केलडेलच्या वाड्यावर कामाला आले. खोलीत ऊन येतं, आणि पुस्तकं तर किती! ती पुसायचं काम माझं. ऑगस्टाबाईसाहेब, शेवटच्या बॅरनची बहीण, हसून म्हणाल्या, “अगं डोरकस, दगडफोड्याची बायको वाचते? आता माझी मांजरंही वाचतील!”

७ ऑक्टोबर
घराण्याचा इतिहास वाचला. बॅरनचा किताब फक्त पुरुषाला, वाडा त्याच्याबरोबर. पुरुष संपले की किताब बुडतो, वाडा बाईसाहेबांचा. त्यांना दोन भाऊ होते, एक विहिरीत बुडून गेला, दुसरा गळा चिरून. “आमच्या पुरुषांना मरायची फार घाई,” त्या म्हणाल्या.

मला चौथा महिना आहे, हे मी आनंदाने सांगून टाकलं. त्यांचा कप हवेतच थांबला.

१२ ऑक्टोबर
अडगळीत शोकफलक सापडला. बॅरन मेला की दारावर टांगतात तो. नवऱ्याचा अर्धा भाग काळा, जिवंत बायकोचा पांढरा; तीही मेली की तोही काळा. वर मुकुटाऐवजी कवटी, म्हणजे घराणं संपलं.

खाली नाव सायलसचं.

मागे चर्चचा दाखला डकवलेला. बाईसाहेबांच्या धाकट्या भावाचं एका शिवणकाम करणारीशी लग्न. ती माझी सासू. सायलसला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आणि विधवेला दिवस असतील तर बाळ होईपर्यंत किताब बुडाला असं धरत नाहीत.

१३ ऑक्टोबर
फलकामागच्या अडगळीत सायलसचा हातोडा. त्यावर केस. त्याचेच.
पांढऱ्या भागावर काळा रंग चढतोय. काठापासून चार बोटं. ही बाई रंगवते—

१४ ऑक्टोबर
माझ्या खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप. “दूध पी गं, बाळासाठी,” गोड आवाज, दार किलकिलं करून पेला आत. दूध खिडकीतून ओतलं. खाली कोंबडी प्यायली, तडफडून मेली.
हातोडा माझ्याजवळ आहे.

१५ ऑक्टोबर
भर दुपारी आली. हातात वस्तरा. “बाई गं, हट्ट करू नकोस.” मी हातोड्याने तीनदा मारलं. तिसऱ्यांदा गरज नव्हती. सायलससाठी मारलं.

१६ ऑक्टोबर
आज सकाळी राख काढली. जमीन धुतली. ती खाली तळघरात आहे, गार.
फलक पाहिला. काळं आणखी पुढे. ओलं.
मग रंगवतंय कोण—
चुलीत घातला. जळत नाही. पोटात बाळ हललं, आणि काळं एक बोट पुढे—