कोटवाल्याचा श्रावण

माय, मागच्या आठवड्यात वरवट बकालला एका म्हातारीनं मला भर सभेत अडवलं. बायकांच्या आरोग्याचं शिबिर होतं, शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता आणि मी उपासांवर बोलत होते. मी कशी बोलते ते तुला माहीत आहे. एकदा सुरू झाले की माइकची गरज उरत नाही. घरात सगळ्यांच्या आधी उठणारी बाई, सगळ्यांच्या शेवटी जेवणारी बाई, आणि देवाला उपाशी पोट हवं असतं तेही तिचंच का, असं मी विचारलं. बायका माना डोलवत होत्या. तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरची ती म्हातारी पदर सावरत म्हणाली, "बाई, बोलतं तं तू लय साजरं. पण तुह्या मायनं सोडले काय उपास?" मी म्हणाले, "हाव, सोडले. साखरेची बिमारी होती तिले." टाळ्या पडल्या. तिचं मात्र समाधान झालं नाही. "मंग तू काय बोलली होती तिले? तेवढंच सांग नं मले. मले बी साखर हाय." मी सांगायला लागले. शरीर, विज्ञान, बाईचा हक्क, सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि शेजारणीला म्हणाली, "हे नसंल बोलली बाई आपल्या मायले." मांडवभर हशा पिकला. मीही हसले. पण बुलढाण्याला परत येताना गाडीत बसल्या बसल्या तुला काय बोलले होते ते आठवायचा प्रयत्न केला, आणि मला एक वाक्यसुद्धा आठवलं नाही.

म्हणून काल माळ्यावरून ते गेमचं यंत्र उतरवलं. मामानं सुरतेहून आणलेलं, तेव्हाही कुणीतरी वापरून टाकलेलंच. आठवतं ना, ते पालथं ठेवलं तरच चकती वाचायचं. अजूनही तसंच आहे. पालथं घातलं, घरघरलं आणि सुरू झालं. घरातल्यांनी थट्टेनं विचारलं, "मॅडम, उद्या व्याख्यान आहे ना? आणि तुम्ही भुतं मारत बसलात?" मी हो म्हणाले आणि खेळत राहिले. पडद्यावर तीच कबर फुटते, तोच फिकट चेहऱ्याचा तरुण लांब काळा कोट झटकत उठतो, तेच बर्फ, तोच किल्ला, तेच मनोऱ्यावर ओरडणारे कावळे. कोपऱ्यात ती लाल नळी. तो रक्त पिऊन जगणारा, आणि ती नळी म्हणजे त्याचा जीव. काही केलं नाही, नुसतं उभं राहिलं तरी ती हळूहळू उतरत जाते. कुणाचं तरी रक्त प्यायलं की पुन्हा भरते. त्याला कुणी मारलं, तो कुणाचा सूड घ्यायला निघाला, हे सगळं इंग्रजीत होतं, मला अर्धं कळायचं आणि उरलेलं अर्धं मी तुला माझ्या मनानं रचून सांगायचे. तू त्याला कोटवाला म्हणायचीस. "उठला काय तुहा कोटवाला?" असं विचारत तू भाजीची टोपली घेऊन टीव्हीसमोर बसायचीस. आपल्याकडे खेळ साठवून ठेवायचं कार्ड नव्हतं, त्यामुळे लाइट गेली की सगळं गेलं. प्रत्येक वेळी कबरीपासून सुरुवात. तो कबरीतून उठून पहिल्या गावात जातो, तिथे विहिरीजवळ एक कैदी साखळीनं बांधलेला असतो, ही वाट तुला माझ्याइतकीच पाठ झाली होती.

मग श्रावण लागला. आपला टीव्ही देवाच्या फळीखाली होता. घर दोन खोल्यांचं, दुसरीकडे ठेवणार तरी कुठे. पहिल्याच दिवशी तू दिवा लावताना खाली पाहिलंस आणि म्हणालीस, "सरावनात हे रगत पेनं चालनार नाही माह्या घरात." मी तेव्हा वक्तृत्व स्पर्धांमधून कप आणणारी पोरगी. मी उभी राहिले. हे चित्र आहे, हे खरं रक्त नाही, चित्राला श्रावण नसतो, तू अंधश्रद्धा पोसते आहेस, असं हातवारे करून बोलले. तू वात सरळ करत ऐकलंस आणि म्हणालीस, "चित्रच हाय नं? मंग चित्रातलं रगत नाही पेलं तं चित्राचं काय बिघडते?" आजवर मोठमोठ्या माणसांशी वाद घातले आहेत, माय, पण इतक्या सहज मला कुणी गप्प केलं नाही. ठरलं, कोटवाला श्रावणभर रक्त पिणार नाही. मी इरेला पेटले. न पाजताच त्याला किल्ल्यापर्यंत नेऊन दाखवते, म्हटलं. मारामारी टाळायची, भिंतीच्या कडेकडेनं जायचं, उगाच धावायचं नाही. तरी तो पुलाच्या अलीकडेच मरायचा. रोज.

आणि तू? तुझेही उपास चालूच होते. सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, त्यात श्रावण. डॉक्टरांनी साखरेची गोळी देताना बजावलं होतं की गोळी घेतली तर जेवलंच पाहिजे. तू गोळी घ्यायचीस आणि जेवायची नाहीस. नांदुऱ्याच्या बाजारात वांग्याच्या टोपलीवर कोसळलीस, लोकांनी तोंडात गूळ कोंबला म्हणून वाचलीस. त्या दिवसापासून मी तुझ्यावर भाषणांचा मारा केला. चुलीपाशी, मोरीपाशी, बाजाराच्या वाटेवर. मला रोज वाटायचं, मी शाळेतून येईन आणि तू खाली पडलेली असशील. ती भीती मी कधी बोलून दाखवली नाही, मुद्दे बोलत राहिले. तू प्रत्येक वेळी "हाव, बाई" म्हणायचीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी. एकदाच चिडून म्हणालीस, "कायले सोडू मी? शेतातलं तुह्या बापाच्या हातचं, बाजारातलं अडत्याच्या हातचं. एवढं एक माह्या हातचं हाय." मी त्याचाही प्रतिवाद केला. आज ते वाक्य एखाद्या बाईनं सभेत उच्चारलं तर मी भाषण थांबवून तिच्या शेजारी जाऊन बसेन. तेव्हा मी तुला तीन उदाहरणं दिली होती.

आता तो सोमवार. मी शाळेतून आले आहे, लाइट आहे, बाबा मळ्यात आहेत. तू भिंतीला टेकून बरबटीच्या शेंगा निवडते आहेस. कोटवाला आज पहिल्यांदाच पुलावर पोचला आहे. नळी तळाला गेली आहे. अशा वेळी पडद्याच्या कडा काळ्या व्हायला लागतात, मधे छोटंसं गोल तेवढं उजेडाचं राहतं, त्याची चाल अडखळते आणि काळजाचे ठोके ऐकू यायला लागतात. माझी नजर त्या गोलावर, बोटं बटणांवर. मागून तुझा आवाज येतो.

"याले काय होऊन राह्यलं वं?"

"भूक."

"डोयापुढं अंधार काऊन आला?"

"भुकेनं तसंच होते त्याले. थांब नं माय, पूल होऊ दे."

मागे एक शेंग मोडल्याचा आवाज येतो. मग अगदी हळू, शेंगांनाच सांगितल्यासारखं, "मले बी असंच दिसते. कडेकडेनं काळं होत येते. अन् ठोके कानात."

हे तू कधी कुणाला सांगितलं नव्हतंस. डॉक्टरांना नाही, बाबांना नाही. चक्कर आली, एवढंच म्हणायचीस. मी ऐकलं, शब्द कानात शिरले, पण पुलावर समोरून भालेवाला येत होता आणि मी "हं" म्हणाले. फक्त हं.

"पाज त्याले," तू म्हणालीस.

"सरावन हाय नं."

"पाज म्हनलं नं! पोट्टं मरून राह्यलं अन् तू मले सरावन सांगून राह्यली? कोन्या देवानं सांगतलं असं मराले?"

मी भालेवाल्याला धरलं आणि त्याचं रक्त कोटवाल्याला पाजलं. नळी भरत वर चढली, पडदा कडेपर्यंत उजळला, ठोके थांबले. तू "हाऽऽ" असा श्वास सोडलास, जणू तुझ्याच घशातून काही खाली उतरलं. मग तू उठलीस. मागे डब्याच्या झाकणाचा आवाज आला असावा. मी पूल ओलांडला, किल्ल्याचं दार उघडलं, आनंदानं ओरडले आणि तुला दाखवायला वळले, तर तू हातावर भाकर घेऊन उभी होतीस, वर चटणी, आणि टीव्हीकडे बघत चावत होतीस. सोमवारी, देवाच्या फळीसमोर. मी काही म्हणणार तेवढ्यात तूच म्हणालीस, "समोर पाह्य. त्याच्या मागून कोनी येईन."

त्यानंतर तू उपास सोडलास असं कधीच म्हणाली नाहीस. सोमवार सोमवारच राहिला, सकाळी पूजा, ओलं लुगडं, बेलाचं पान. फक्त दुपारी कोटवाल्याला पाजायचं आणि त्याच्यासोबत तू भाकर खायचीस. सोबत, असंच म्हणायचीस. लाइट नसली तर काय, असं मी विचारलं होतं. "लाइट गेली म्हनून त्याची भूक जाते काय वं?" म्हणालीस आणि अंदाजानं जेवलीस. पुढे मी कॉलेजला बुलढाण्याला आले, होस्टेलवरून सोमवारी तुला शेजारच्यांच्या फोनवर बोलवायचे आणि पहिलं तेच विचारायचे. "हाव, त्याले पाजलं, मंग जेवली." मला वाटायचं, माझी समजूत काढते आहेस. यंत्राला हात लावायलाही घाबरणारी तू. दिवाळीला आले तेव्हा म्हटलं, दाखव. तू हळदीचे हात पदराला पुसलेस, यंत्र पालथं केलंस, खटका दाबलास, आणि कबरीतून उठलेल्या त्या बिचाऱ्याला इकडेतिकडे कुठेही न बघू देता थेट विहिरीजवळच्या त्या कैद्यापाशी नेऊन पाजलंस आणि लगेच बंद केलंस. "झालं. आता बस, वाढतो." मी इतकी हसले की बाबा मळ्यातून विचारत आले. तुला एवढंच येत होतं. किल्ला कुठे आहे, सूड कुणावर घ्यायचा, याच्याशी तुला काही देणंघेणं नव्हतं.

पुढे तू पुष्कळ वर्षं जगलीस. शेवटी नेलं ते न्युमोनियानं, भुकेनं नाही. तू आता कुठेही नाहीस हे मी ठामपणे मानते, तसं बोलतेही, त्यामुळे हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्न माझ्यासमोर नाही. पण त्या म्हातारीला मी चुकीचं उत्तर दिलं, ते कुणाला तरी सांगायला हवं होतं. काल खेळताना मी मुद्दाम त्याला उपाशी ठेवलं, पडद्याच्या कडा काळ्या होईपर्यंत, आणि तू जे पाहत होतीस ते पाहिलं. मग मला कळलं की मी शोधते आहे ते वाक्य नाहीच. माझ्या सगळ्या भाषणांत भूक कशी दिसते हे कुठेच नव्हतं, कारण मी कधी तुला विचारलंच नव्हतं. तू ते स्वतःच पाहिलंस, स्वतःच त्या पोरासाठी मला सुनावलंस, स्वतःच झाकण काढलंस. पुढच्या वेळी वरवट बकालला गेले की त्या बाईला आधी विचारीन, चक्कर येते तेव्हा तुम्हाला काय दिसतं, आणि गप्प बसून ऐकेन. जमेल की नाही माहीत नाही. मला माझा स्वभाव माहीत आहे.

त्या सोमवारी माझ्या पाठीमागे काय चाललंय हे मला कळलं असतं, तर मी खेळ तिथेच थांबवला असता, वळले असते, आणि बोलायला लागले असते. आणि माय, तू "हाव, बाई" म्हणून पुन्हा शेंगा निवडायला बसली असतीस.