इंजिनाचा दम

आप्पा, तुमच्या मोटारीचा तो जुना कार्बोरेटर अजून माझ्या टेबलावर आहे. एखादं गिऱ्हाईक "मोठा बसवा, गाडी पळाली पाहिजे" म्हणालं, की मी तो त्याच्या हातात देतो, "इंजिन ह्याच तोंडानं हवा-पेट्रोल ओढतं" म्हणतो आणि तवंदीच्या चढाची गोष्ट सांगतो. गोष्टीत गाढव मीच असतो, त्यामुळं गिऱ्हाईक खूश होतं.

तुम्ही प्रवासी घेऊन बेळगावहून निपाणीला सर्व्हिस मोटार आणायचात. हिवाळ्यात वाटेतच दिवस बुडायचा, आणि दिवस बुडाल्यावर जेवायचं नाही हा आपला जैनांचा नेम. आठवड्यातून तीन-चारदा तुम्ही उपाशी झोपायचात. मी तेव्हा मोठा मिस्त्री झालो होतो, म्हणजे माझ्या मते. मोडीत निघालेल्या लॉरीचा दांडगा कार्बोरेटर आणून बसवला. "जोर वाढंल आप्पा, उजेडात घरी जेवशीला," मी म्हणालो. तुम्ही नुसते हसलात आणि जुना फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवलात.

नेहमीसारखा मी तुमच्या शेजारी बसलो होतो. सपाटीला गाडी सुसाट. संकेश्वरापाशी दुसऱ्या सर्व्हिसची निळी मोटार मागं पडली तेव्हा मी टोपी उडवली. मग तवंदीचा चढ लागला, इंजिनाचा वेग उतरला, गाडी खोकली आणि काळा धूर सोडून बसलीच. तंबाखूचे व्यापारी धोतरं खोचून खाली उतरले. निळी मोटार भोंगा वाजवत पुढं गेली.

"कुठल्या गाढवानं बसवलंय हे?" एक व्यापारी ओरडला.

"तसं बोलू नगासा," जुना कार्बोरेटर बसवता बसवता तुम्ही म्हणालात, "माज्या जेवणापायी केलंय लेकानं."

तुमचं काम संपायच्या आत दिवस डोंगराआड गेला. त्या दिवशीही तुम्ही उपाशीच.

सकाळी चुलीपुढं बसवून तुम्ही आईची फुंकणी मला दिलीत. "फुंक." निखारा फुलला. मग बांबूची जाड नळी दिलीत. मी गाल फुगवून फुंकलं, तर राखसुद्धा हलली नाही. आई हसून हसून बेजार. "इंजिनाचा दम केवढा, तेवढंच तोंड द्यायचं रं," तुम्ही म्हणालात. तेवढ्या एका वाक्यावर माझा आजवरचा धंदा चालला.

गिऱ्हाइकांना एक मात्र मी सांगत नाही. तुमच्या जेवणाचं निमित्त होतं, आप्पा. ती निळी मोटार रोज आपल्या तोंडावर धूळ उडवत जायची, मला तिला मागं टाकायचं होतं. तुम्ही उपाशीपोटी माझी बाजू घेतलीत आणि मी खरं कारण लपवलं. त्याची लाज अजून वाटते. हे पत्र वाचायला तुम्ही आता नाही, म्हणून त्याच कार्बोरेटरखाली ठेवतो. आणि खरं सांगू? संकेश्वरापाशी ती मागं पडली ते आठवलं की या वयातही मला गुदगुल्या होतात.