तारलीचा वाटा

बाबा,

तारली अजून तुमच्या जुन्या गेममध्येच आहे. रविवारी पणजीत त्या खेळाची स्पर्धा आहे, माझ्या संघातली पाच जनावरं तयार आहेत आणि सहावी जागा मी तिच्यासाठी धरून ठेवली आहे. पण तिला माझ्या नव्या गेममध्ये आणायचं तर तुमच्या गेममधून कायमची काढावी लागते, मग परतीची वाट नाही. आणि नाही आणली तर ती त्या यंत्राबरोबरच जाणार. त्याची बॅटरी फुगली आहे, बिजागरी मोडली म्हणून वरचा पडदा मी रबराने बांधून ठेवला आहे, आणि चार्जरची वायर एका बाजूला दाबून धरली तरच दिवा लागतो. गेली कित्येक वर्षं मी ‘उद्या बघू’ म्हणत आले. आज घरात उतरलेल्या पाहुण्यांची जेवणं आटोपली आहेत, आई मागच्या दारी कोळंबी सोलायला बसली आहे, आणि मी स्वयंपाकघरातल्या तुमच्या बाकड्यावर तो गेम समोर ठेवून, त्याला हात लावायचा सोडून, तुम्हाला लिहीत बसले आहे.

तुम्हाला आठवतं का, मामाने तो बोटीवरून आणला तेव्हा तुम्ही त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मी नववीत होते. त्यात अख्खी जनावरांची दुनिया होती: कोणी पाण्याचं, कोणी आगीचं, कोणी दगडाचं. ती धरायची, वाढवायची, दुसऱ्याच्या जनावरांशी झुंजवायची. मी जेवतानासुद्धा डोकं वर काढत नाही म्हटल्यावर तुम्ही एकदा ताटावरून वाकून बघितलंत आणि म्हणालात, “डब्यात भुतां भरून ठेवलंस काय गो?” तेव्हापासून आपल्या घरात त्याचं नाव भुतांचा डबा. आई तर आजही तसंच म्हणते. परवा एक पाहुणी बाई विचारत होती, तुमच्या मुलीला काय आवड आहे, तर आईने सरळ सांगून टाकलं, “ती भुतां पाळता.” बाई त्या दिवसापासून माझ्याकडे जरा जपूनच बघतात.

मग तुमच्या छातीत दुखलं. गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलातून तुम्हाला घरी आणलं ते अर्धे होऊन. डॉक्टरांनी सांगितलं, होडी नाही, ओढणं नाही, जड उचलणं नाही. तुमच्यासारख्या माणसाला यातलं काही नाही म्हटल्यावर उरलं काय? खोली ते पडवी, पडवी ते खोली. समोर तुमचाच समुद्र, तुमचीच माणसं रापणीचं जाळं ओढतायत, त्यांच्या आरोळ्या पडवीपर्यंत येतायत, आणि तुम्ही खुर्चीत पाय हलवत बसलेले. चौथ्या-पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर तुम्ही म्हणालात, “दाखव बघूया तुझी भुतां.” मला वाटलं माझं मन राखायला म्हणताय. पण तुम्ही खरोखर चष्मा लावून बसलात, आणि तेव्हापासून तो गेम तुमचाच झाला.

तारली तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळाली. चांदीच्या रंगाचं, बोटभर, उगाच उड्या मारणारं ते मासोळीचं पिल्लू. कोणीही फुंकर मारली तरी आडवं होईल असं. मी म्हटलं सोडून द्या. तुम्ही तिला नाव दिलंत. नाव इंग्रजी अक्षरांत लिहावं लागायचं, तर मी एकेक अक्षर दाखवायचे आणि तुम्ही जाळं विणल्यासारखे जीभ दातांत धरून ते दाबायचात. नंतर धो धो पाऊस पाडणारा पावश्या आला, मार खाऊन उभी राहणारी कुर्ली आली. पण जीव जडला तो तारलीवर. आणि तुम्हाला त्या खेळातली एकच गोष्ट मनापासून पटली. झुंज जिंकली की अनुभव मिळतो आणि जनावर वाढतं. पण ज्याने झुंजीत भाग घेतला त्यालाच मिळतो. अगदी क्षणभर पुढे येऊन मागे फिरलं तरी चालतं, त्याचाही वाटा धरला जातो. हे मी समजावलं तेव्हा तुमचा चेहरा असा काही उजळला, की हॉस्पिटलातून आल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. “म्हंजे आमच्या रापणीसारख्या,” तुम्ही म्हणालात. “दोरयेक हात लावलो काय वाटो इलो.”

आपल्या रापणीत तसंच होतं ना. होडीने अर्धगोल जाळं टाकून यायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन रांगांनी ओढायचं. कोण म्हातारा असो, कोणाकडे आलेला पाहुणा असो, वाटेने जाणारा असो. दोराला हात लावला की ओंजळभर का होईना, मासे त्याच्यापुढे पडणारच. कितीदा तुम्हीच वाटे घातलेत. तर त्या दिवसापासून तुम्ही प्रत्येक झुंजीत आधी तारलीला पुढे करायचात, लगेच मागे घ्यायचात, आणि पुढचं काम कुर्लीवर सोपवायचात. दर वेळी स्वतःशीच पुटपुटायचात, “धरल्यान दोरी. झाला.” तासन्‌तास. तारली मुंगीच्या पावलांनी वाढत होती आणि तुमचा वेळ जात होता, आणि मला, खरं सांगते बाबा, तुम्ही आजारी आहात याचा विसर पडत होता.

दहावीची परीक्षा झाली की मे महिन्यात पणजीत स्पर्धा होती. एसटीने जायचं, दोघांनीच, असं ठरलं. तुमच्याच गेममधून मी संघ बांधायला घेतला. स्पर्धेचा संघ म्हणजे नुसती आवडती जनावरं गोळा करणं नव्हे. कोणाची चाल आधी, कोण मार झेलणार, पावश्याने पाऊस पाडला की त्या पावसात कोणाचा वेग वाढतो, समोरच्याने वीज सोडली तर आडवं कोण येणार, हे सगळं जुळवावं लागतं. सहाव्या जागेवर वीज गिळणारं कोणीतरी हवं होतं, म्हणून मी तारलीला काढून तिथे दुसरं जनावर बसवलं. तुम्ही पाहिलंत आणि गेमचं झाकण खाडकन मिटलंत. “दोरी धरलेल्याक तू उठवतलंस?” तुम्ही म्हणालात. “मगे तुझा तूच खेळ.” आयुष्यात माझ्यावर इतके कधी चिडला नव्हतात. मी चिडून म्हटलं, अहो पण ती एका फटक्यात पडेल! तुम्ही तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसलात. दोन दिवस अबोला. शेवटी मीच नियम नीट वाचले आणि तुमच्यापुढे गेले. संघ सहांचा असतो, पण प्रत्येक सामन्यात त्यातले चारच उतरवायचे असतात, उरलेले दोघे बाजूला बसतात. तुम्ही थोडा विचार केलात. “मगे बसांदे तिका. चौघे ओढतले, ती दोरी धरून रवतली.” फक्त एक अट घातलीत, जायच्या आधी तिला पन्नासाव्या लेव्हलला न्यायची. स्पर्धेत सगळे पन्नासचे असतात, मग आपली तारली कमी का?

त्याच दिवसांतली ती सकाळ. रापणीचे म्होरके तांडेलकाका स्वतः बोलवायला आले, म्हणाले, ओढू नकोस, नुसता येऊन उभा रहा. तुम्ही गेलात. मी मागून आले होते. सगळे ओढत होते आणि तुम्ही रांगेच्या शेवटी दोरावर नुसता तळवा ठेवून उभे होतात. जाळं वर आलं, वाटे पडले, तुमच्या पायांपुढे वाळूवर तुमचा वाटा पडला, नेहमीएवढाच. तुम्ही त्याच्याकडे बघत राहिलात. कोणी हसलं नाही, सगळे आपापल्या टोपल्या भरत होते. तुम्ही म्हणालात, “माका फुकटचो वाटो नको,” आणि मासे तिथेच टाकून घरी आलात. मी ते उचलावेत की नाही ते मला कळेना. वर कावळे आणि घारी घिरट्या घालायला लागल्या होत्या, शेवटी तांडेलकाकांनीच ते गोळा केले.

घरी आल्यावर आई कधी नव्हे ती तुमच्यावर ओरडली. चुलीवर आमटी होती, हातात पळी तशीच, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. “दुसऱ्याक वाटो देवक बरो वाटता, आणि आपणाक घेवक लाज?” तुम्ही किनाऱ्यावर पुन्हा गेला नाहीत. पडवीतली खुर्चीही तुम्ही भिंतीकडे तोंड करून फिरवलीत आणि गेम घेऊन बसलात. बाबा, ते मला आजही सहन होत नाही. समुद्राकडे पाठ करून बसलेले तुम्ही. गळून गेलेल्या हातांनी तारलीला पुढे करताय, मागे घेताय, तिचा वाटा तिला बिनबोभाट देताय, आणि स्वतःचा मात्र घ्यायला तयार नाही.

परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन मी आले तर पडवीत माणसं होती. गेम स्वयंपाकघरात चार्जरला लावलेला होता, दुपारी जरा आडवं होतो म्हणून तुम्हीच लावून ठेवला होतात. तेराव्यानंतर कधीतरी मी तो उघडला. तारली एकोणपन्नासची होती.

त्या वर्षी पावसाळा लागेपर्यंत रोज सकाळी तांडेलकाका दारात यायचे. “वयनीनू, वाटो घेवा.” आईने पहिल्या दिवशी नको म्हटलं, तर ते पायरीवरून हलेनात. “हंगाम संपासर तेचो वाटो येतलो. माझ्या आजाच्या वेळेपासून असाच आसा.” आईने परात पुढे केली. एक दिवस नेमक्या तारल्याच आल्या. आईने त्यांचं दाट तिखलं केलं, तुम्हाला आवडायचं तसं, तिरफळं घालून. मी ताटात नुसती चिवडत बसले. आई म्हणाली, जेव गो, तुझ्या बापाशीचो वाटो तो, आणि मग तिलाही जेववेना. दोघी ताटावर बसून रडलो.

पणजीला मी गेले नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मोठी झाले, हे घर पाहुण्यांसाठी उघडलं, तुमची पडवी बंद करून तिची खोली केली. पुढे नवा गेम घेतला, पुन्हा पहिल्यापासून शिकले, त्यातही एक पावश्या आणि एक कुर्ली वाढवली. तुमचा गेम मात्र फक्त उघडून बघायचे. खेळायचे नाही. एक झुंज जरी खेळले असते तरी तारलीच्या अंगात तुम्ही घातलेल्यात माझी भर पडली असती. ती एकोणपन्नासचीच राहू दे, तेवढी निखळ तुमची आहे, असं वाटायचं.

इथवर लिहून उठले होते. आता दुसरा दिवस आहे, दुपारच आहे, पाहुणे सकाळी गेले, आई पुन्हा मागच्या दारी आहे.

आणली मी तिला, बाबा. वायर अंगठ्याने दाबून धरली आणि आणली. जुन्या गेममध्ये तिची जागा रिकामी दिसली, पण इकडे ती आली, तशीच उड्या मारत, तुम्ही घातलेल्या नावानिशी. मी ठरवलं होतं की तिला संघात नुसती बसवायची, दोरालाही हात लावू द्यायचा नाही, एकोणपन्नासचीच पणजीला न्यायची. मग बाकीच्या पाच जणांचा सराव व्हावा म्हणून एक साधी झुंज खेळले. जिंकले. एकेकाला अनुभव मिळाल्याचं पडद्यावर येत गेलं, पावश्याला, कुर्लीला, आणि शेवटी तारलीला. तारली पन्नास.

माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. या नव्या गेममध्ये नियम बदलला आहे. आता पुढे यावं लागत नाही, झुंजावं लागत नाही. जो संघात आहे त्याला बसल्या जागी वाटा मिळतो. मी कपाळावर हात मारून घेतला, आणि मग रडू आलं ते थांबेचना. तुमची निखळ तारली गेली म्हणून आलं, असं आधी वाटलं. पण तसं नव्हतं. मला ती वाळू दिसत होती आणि तुमच्या पायांपुढचे मासे दिसत होते. कोणाला ते फुकटचे वाटले नव्हते, बाबा. तुम्ही ते उचलायला हवे होते. उचलले असतेत तर ते शेवटचे दिवस तुम्ही तुमच्या माणसांत, समुद्राकडे तोंड करून काढले असतेत.

रविवारी सकाळच्या बसने जाते. तारली बाजूला बसेल, समोरच्याला वाटेल या बाईचा काहीतरी डाव आहे, वाटू दे.

एक सांगायचं राहिलं. ती पन्नासची झाली तेव्हा माझ्या तोंडून मोठ्याने हाक गेली, “बाबानू, बघा!” मागच्या दारातून आईने विचारलं, “कोणाक हाक मारतंस गो?” मी म्हटलं, कोणाक नाय, पाहुण्यांक. खोली रिकामी आहे हे तिलाही माहीत होतं. पण कोळंबी सोलायची ती थांबली होती.