बाजारात पसरलेला हात

आपिया

प्रिय बाबांना तिरेसाचा नमस्कार,

देवाच्या दयेने मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

लोसाआत्याने सांगण्याआधी मीच सांगते. शुक्रवारी मी सिस्टर माकारितांबरोबर चर्चच्या वृद्धाश्रमासाठी बाजारात केळी, मासे मागत फिरले. तिथे आत्या भेटली.

"माझ्या भावाने डुकरं विकून तुला शिकवलं, ते भीक मागायला?" ती सगळ्यांदेखत ओरडली.

मासेवाली म्हणाली, "हळू बाई! उद्या म्हातारपणी तुम्हालाही हिच्याच हातचं जेवायचंय." आणि तिने भलामोठा मासा आमच्या टोपलीत टाकला.

मला रडू आलं, पण मी टोपली खाली ठेवली नाही. आमच्या आश्रमातल्या आजी-आजोबांना स्वतः मागायला जाता येत नाही, म्हणून सिस्टर जातात आणि मीही जाते. तुम्ही घरी बोलावलंत तरी मी हे सोडणार नाही. आईवर मात्र रागावू नका, हा निर्णय माझा आहे.

परक्यांपुढे मी हात पसरल्याची लाज वाटत असेल, तर पुढच्या बोटीने आपल्या मळ्यातले तारोचे कंद पाठवा. वाढताना मी प्रत्येकाला सांगेन, हे माझ्या वडिलांनी दिलेत.

तुमची लाडकी आणि हट्टी,
तिरेसा